स्थानपोथीतला महाराष्ट्र

महसुली दप्तरात गावाची जी ओळख असते ती राज्यकर्त्याच्या गरजेपुरती असते. मौजे कोणते, परगणा कोणता, लागवडीची जमीन किती आणि पड किती, पाटीलकी-कुलकर्णाचे वतन कोणाकडे, इनामाच्या सनदा कोणाच्या नावे, पूर्वेस कोणाची शीव आणि पश्चिमेस कोणता ओढा, एवढे लिहून झाले की त्या दप्तराच्या दृष्टीने गाव पुरे झाले. या नोंदींचे मोल मी कमी लेखत नाही. आपल्या मुलखाचा आर्थिक इतिहास पुष्कळसा त्यांच्याच आधारे लिहिला गेला आहे. परंतु ज्या गावासाठी माणसे शेकडो कोस चालत जातात, ज्याचा कळस दृष्टीस पडताच वाटेतच दंडवत घालतात आणि ज्याचे नाव घराण्यातील मुलांच्या ओठी पहिल्या प्रार्थनेबरोबर येते, ते गाव या दप्तरात कधीच सापडत नाही. ते चरित्रात, ओवीत आणि पोथीत असते; आणि ज्या भूमीविषयी असे काहीच लिहिले अथवा गाइले गेले नाही, ती कितीही सुपीक असली, तिच्यावरून कितीही सैन्ये गेलेली असली, तरी लोकांच्या मनात ती मुक्कामाची जागा होत नाही.

भूमीला अर्थ देण्याचे हे कार्य आपल्याकडे पुराणांनी आणि क्षेत्रमाहात्म्यांनी फार प्राचीन काळापासून केले आहे. ब्रह्मपुराणातील गौतमीमाहात्म्याने गोदावरीच्या दोन्ही तीरांवर तीर्थांची माळ गुंफली, आणि त्र्यंबकेश्वरापासून समुद्रापर्यंतच्या त्या प्रवाहाला एका कथेच्या सूत्रात ओवले. माहात्म्याची रीत अशी की, घटना ऐतिहासिक काळाच्या पलीकडची असते: कोणा ऋषीचे तप, कोणा दैत्याचा वध, कोणा देवाला लागलेला शाप आणि त्याचे निवारण. अशी कथा भव्य असते, परंतु ती एका विशिष्ट दगडाला बांधलेली नसते. एकच आख्यान दहा क्षेत्रांवर वस्ती करून राहते, आणि त्यात कोणास विसंगती वाटत नाही. मराठी भाषेत मात्र तेराव्या आणि चौदाव्या शतकांत एक सर्वस्वी निराळा उद्योग झाला. ज्याला पाहिलेली माणसे अद्याप हयात होती, अशा एका पुरुषाने जिथे जिथे पाय ठेवला, जिथे बसला, जेवला आणि निजला, त्या प्रत्येक जागेची नोंद साक्षीपुराव्याने करण्याचा तो उद्योग होता. 'स्थानपोथी' हे त्याचे फळ. माझ्या मते मराठी गद्यातील हा पहिला भूगोलग्रंथ होय. आणि मराठी वाङ्मयाच्या इतिहासांत त्याचा उल्लेख एखाद-दुसऱ्या ओळीत उरकला जातो, याचे मला नेहमी दुःख वाटत आले आहे.

या पोथीचे नायक श्रीचक्रधर हे मूळचे महाराष्ट्रातले नव्हेत. गुजरातेतील भडोचच्या प्रधानकुळातील हरिपाळदेव रामटेकच्या रामाच्या यात्रेचे निमित्त करून घराबाहेर पडले, आणि वाटेत वऱ्हाडातील रिद्धपूर येथे सिद्धपुरुष गोविंदप्रभूंची भेट होताच त्यांचे सारे पूर्वायुष्य गळून पडले, अशी कथा लीळाचरित्र या त्यांच्या चरित्रग्रंथात आहे. त्यानंतरच्या एकाकी भ्रमणाचा काळ त्यांच्या महानुभाव पंथाच्या वाङ्मयात 'एकांक' म्हणून ओळखला जातो. पुढे पैठणास बाइसांची भेट झाली, हळूहळू भक्तपरिवार जमला, आणि मग यादवांच्या राज्यात, गोदावरीच्या खोऱ्यापासून वऱ्हाडापर्यंत, या परिवाराचे अखंड परिभ्रमण सुरू झाले. आज एका गावी, उद्या दुसऱ्या. कधी एका रात्रीची वसती, कधी महिनोन्‌महिने अवस्थान. राहण्याची ठिकाणे म्हणजे गावाबाहेरची देवळे, ओसाड मठ, वेरूळच्या लेण्यांसारखी लेणी आणि नदीकाठचे वृक्ष. देवगिरीच्या सिंहासनावर त्या काळात कृष्ण, महादेव आणि रामचंद्र हे यादव राजे एकामागून एक आले. त्यांचे ताम्रपट आणि शिलालेख आपल्याला दानांची आणि विजयांची माहिती देतात. त्याच काळातील एखाद्या देवळाच्या पडवीत दुपारी कोण बसले होते, भिक्षेत काय मिळाले आणि त्यावरून काय बोलणे झाले, हे मात्र आपल्याला या संन्याशाच्या अनुयायांनीच सांगितले आहे.

१२७५ च्या आसपास चक्रधर उत्तरेकडे निघून गेले. पंथीयांच्या श्रद्धेप्रमाणे हे 'उत्तरापंथे गमन' होय. ते परत आले नाहीत. मागे राहिलेल्या मंडळींचा जो शोक झाला त्याचे वर्णन करण्याची येथे आवश्यकता नाही, परंतु त्या शोकातून काय निर्माण झाले ते सांगितलेच पाहिजे, कारण मराठी गद्याचा आरंभ त्यातच आहे. चक्रधरांचे शिष्य नागदेवाचार्य, म्हणजे भटोबास, आणि त्यांच्यासमवेत उरलेला परिवार रिद्धपुरास गोविंदप्रभूंच्या सेवेत राहिला. भटोबास एकांतात बसून काही मनन करीत असत. तुम्ही कशाचे स्मरण करता, असे म्हाइंभटांनी त्यांना विचारले. सर्वज्ञांच्या, म्हणजे चक्रधरांच्या, लीळांचे, असे उत्तर मिळाले. आणि मग त्या लिहून ठेवाव्यात, असा विचार म्हाइंभटांच्या मनात आला, अशी परंपरा आहे. म्हाइंभट हे मोठे शास्त्री होते. वादात प्रतिपक्षाला निरुत्तर करण्याचा त्यांना अभिमान होता. तो माणूस आता खेडोपाडी जाऊन, ज्याने जे प्रत्यक्ष पाहिले वा ऐकले तेच त्याच्याकडून काढून घेऊ लागला. रिद्धपुरातील वाजेश्वरी या ठिकाणी बसून त्यांनी लीळाचरित्राची रचना केली. ही जागा आजही दाखवली जाते, आणि महानुभावांच्या दृष्टीने तिचे पावित्र्य मोठे आहे.

म्हाइंभटांची ही कार्यपद्धती ज्याने आपल्याकडील जुने महजर वाचले आहेत त्याला ओळखीची वाटेल. वतनाचा अथवा शिवेचा तंटा उभा राहिला म्हणजे गोतसभेत साक्षीदार बोलावले जात. कोणी काय पाहिले, कोणाच्या बापाने काय सांगितले, हे नावनिशीवार लिहून घेतले जाई, आणि मग निर्णय होई. लीळाचरित्रातही एखाद्या प्रसंगाविषयी दोघांच्या स्मरणात भेद असला तर तो दडवलेला नाही. अमक्याच्या मते असे, तमक्याच्या मते तसे, असे सांगून दोन्ही पक्ष ठेवलेले आहेत. आपल्या गुरूला साक्षात परमेश्वर मानणाऱ्या लेखकाने त्याच्याविषयीच्या कथेत स्वतःच्या पदरचे काही न घालण्याचा असा कटाक्ष राखावा, हे मला त्या श्रद्धेचेच सर्वोच्च रूप वाटते. कल्पनेने देवाचे वैभव वाढवता येते. परंतु हा देव त्यांच्यासमोर प्रत्यक्ष बसलेला होता, आणि जे प्रत्यक्ष होते त्यात भर घालणे त्यांना अपराधासारखे वाटले असावे.

लीळा लिहून झाल्या, आणि त्यांच्या मागोमाग जागांचा प्रश्न आला. हा प्रसंग घडला तो कोठे? ते देऊळ कोणते, त्याची कोणती बाजू? पंथाच्या विचारात परमेश्वराच्या असन्निधानी, म्हणजे तो प्रत्यक्ष समोर नसताना, साधकाला चार आधार सांगितले आहेत: स्थान, प्रसाद, भिक्षुक आणि वासनिक. ज्या जागेला त्याचा स्पर्श झाला ती जागा, ज्या वस्तूला झाला ती वस्तू, ज्यांनी त्याच्यासाठी सर्वत्याग केला ते संन्यासी, आणि ज्यांच्या ठिकाणी त्याची वासना आहे ते गृहस्थ. यांपैकी स्थान पहिले. ही विचारसरणी एकदा स्वीकारली की अचूकपणा हा केवळ पांडित्याचा विषय राहत नाही. जागा चार हात इकडे-तिकडे झाली तर वंदन चुकते. आणि वंदन चुकू नये म्हणून मोजमाप बिनचूक असले पाहिजे.

चौदाव्या शतकाच्या मध्यास रचली गेलेली आणि मुनिव्यास कोठी यांच्या नावावर असलेली स्थानपोथी याच गरजेतून आली. तिची भाषा लीळाचरित्राइतकी रसाळ नाही. तिच्यात संवाद नाहीत, दृष्टांत नाहीत, विनोद नाही. गावाचे नाव येते. मग गावाच्या कोणत्या दिशेस कोणते देऊळ, त्याचे दार पूर्वाभिमुख की पश्चिमाभिमुख, त्याच्या पटिसाळेत कोणत्या खांबाशी आसन होते, कोणत्या कोनात पहुड, म्हणजे निद्रा, होत असे, आरोगणा, म्हणजे भोजन, कोठे, मर्दना कोठे, विहरणास कोणत्या वाटेने जात, त्या वाटेवर डाव्या हातास काय आणि उजव्या हातास काय, जगती केवढी, दारवठा कोणत्या अंगास, आड कोठे, पिंपळ कोठे, आणि तेथून पुढचे देऊळ कोणत्या दिशेस, असा एकेक तपशील संथपणे येत राहतो. परिश्रयाच्या, म्हणजे देहधर्मासाठी जाण्याच्या, जागाही गाळलेल्या नाहीत. परमेश्वराने मनुष्यदेह घेतला असे मानल्यावर त्या देहाचा कोणताही व्यवहार क्षुद्र ठरत नाही, आणि ज्या मातीवर तो झाला ती मातीही क्षुद्र ठरत नाही, हे तत्त्व येथे तत्त्व म्हणून कोठेही सांगितलेले नाही. नोंदींच्या क्रमातच ते आहे. वाचकाला आरंभी कंटाळा येतो हे मी नाकारणार नाही. परंतु पाच-दहा पाने धीराने वाचली की, त्या पानांतून यादवकाळचे एक नगर, त्याच्या वेशी, त्याची लहानमोठी देवळे, त्यांमधले बोळ आणि नदीकडे उतरणाऱ्या वाटा हळूहळू डोळ्यांसमोर उभ्या राहू लागतात. पैठणासारख्या नगरीत त्या काळी कोणकोणती देवळे होती आणि त्यांचा परस्परांशी काय संबंध होता, याची अशी साक्ष दुसऱ्या कोणत्याही साधनात मिळणे कठीण आहे.

येथे एक गोष्ट विशेष विचार करण्यासारखी आहे. चक्रधरांच्या उपदेशात अन्य देवतांच्या उपासनेला स्थान नाही. परंतु त्यांचे वास्तव्य मात्र बहुशः त्याच देवतांच्या देवळांत झाले, कारण फिरत्या संन्याशाला गावाबाहेरचे देऊळ हाच निवारा असे. परिणामी महानुभावांची अनेक वंदनीय स्थाने शिवाच्या, विष्णूच्या, भैरवाच्या किंवा देवीच्या आवारात आहेत. पंथाचा यात्रेकरू अशा देवळात जातो तेव्हा त्याचे पाय गाभाऱ्याकडे वळत नाहीत. मंडपाच्या एका बाजूस, पायरीलगत किंवा एखाद्या खांबाच्या तळाशी चुन्याने सारवलेला, कसलीही मूर्ती नसलेला एक साधा ओटा असतो. तो त्या ओट्यावर मस्तक टेकतो, विडा ठेवतो आणि त्या जागेची लीळा म्हणतो. त्याच वेळी गावातला शेतकरी गाभाऱ्यातल्या पिंडीवर पाणी घालून बाहेर पडत असतो. वास्तू एक, दगड तेच, पण दोन वाङ्मयांनी तिच्यात दोन निरनिराळी केंद्रे स्थापन केली आहेत. आणि शतकानुशतके ही दोन्ही माणसे एकाच छपराखाली आपापल्या केंद्राला नमस्कार करून जात आहेत. साहित्य स्थळाला अर्थ देते म्हणजे काय करते, हे एखाद्याला प्रत्यक्ष दाखवायचे झाले तर मी त्याला अशा देवळात घेऊन जाईन.

दुसरी गोष्ट याहूनही विलक्षण आहे. महानुभाव संन्याशाचा आचारधर्म स्थळाच्या आसक्तीविरुद्ध अत्यंत कठोर आहे. स्वदेशाशी संबंध सोडावा, स्वग्रामाशी संबंध सोडावा, नातेवाइकांचा संबंध तर विशेष करून सोडावा. ओळखीच्या माणसांत राहू नये, झाडाखाली निजावे, भिक्षेवर राहावे, एके ठिकाणी रुळू नये, अशी ही आज्ञा आहे. ज्या पंथाने आपल्या अनुयायांना स्वतःचे गाव विसरायला शिकवले, त्याच पंथाने परक्या शेकडो गावांचा इतका सूक्ष्म वृत्तांत लिहून ठेवला. प्रथमदर्शनी हा विरोध वाटतो, पण तसा तो नाही. जन्माने, वतनाने, सोयरिकीने मिळालेली जागा माणसाला बांधते. स्मरणाने मिळालेली जागा त्याला चालते ठेवते. घराचा उंबरा सोडलेल्या त्या माणसांना चालण्यासाठी एक भूमी हवी होती, आणि ती त्यांच्या ग्रंथांनी त्यांना दिली. तिचे नावही त्यांनी ठरवले होते. कानडी आणि तेलंगी मुलखांत जाऊ नये, महाराष्ट्रातच असावे, असे सर्वज्ञांचे सांगणे होते. आणि पंथाच्या ग्रंथांत महाराष्ट्र या देशाची थोरवी, त्याच्या सीमा आणि त्याची सात्त्विकता यांविषयी ज्या आस्थेने लिहिले आहे, तशी आस्था त्या काळच्या राजदरबारी लेखनात मला आढळलेली नाही. भाषेविषयीही हीच आस्था होती. पंथातील पंडित केशोबास यांचा ओढा संस्कृतकडे होता. त्यावर भटोबासांनी, असे केल्याने साध्याभोळ्या म्हाताऱ्या बायका वंचित होतील, म्हणून निषेध केला, ही गोष्ट सर्वविश्रुत आहे. ज्या म्हातारीसाठी ग्रंथ मराठीत राहिला, तीच म्हातारी काठी टेकत स्थानांच्या दर्शनाला निघणार होती. भाषा आणि भूमी यांचे नाते येथे प्रत्यक्ष तिच्या पायांनी जोडले गेले आहे.

या भूगोलात राजधान्यांपेक्षा खेडी मोठी आहेत. गोदाकाठचे डोमेग्राम, म्हणजे आजच्या श्रीरामपूर तालुक्यातील कमालपूर, हे महसुली दप्तरात एक लहानसे मौजे. परंतु तेथे चक्रधरांचे अवस्थान झाले, तेथे त्यांनी शिष्यांशी दीर्घ निरूपण केले, म्हणून पंथाच्या मनात त्याचे स्थान देवगिरीच्या किती तरी वर आहे. सातपुड्याच्या कुशीतील सालबर्डी ही वऱ्हाड आणि मध्यप्रदेश यांच्या सरहद्दीवरची डोंगराळ जागा. पारध्यांच्या कुत्र्यांपुढे जीव घेऊन पळणारा एक ससा चक्रधरांच्या मांडीखाली येऊन लपला, आणि पारधी मागू लागले तेव्हा शरण आलेल्याला कसे द्यावे, असे म्हणून त्यांनी त्याचे रक्षण केले. त्या एका प्रसंगाने त्या डोंगराला करुणेचे स्थान केले. भोकरदन तालुक्यातील जाळीचा देव हे रानातले ठिकाण वाघाच्या लीळेसाठी प्रसिद्ध आहे. फलटणला श्रीचक्रपाणींमुळे, माहूरला श्रीदत्तात्रेयप्रभूंमुळे महत्त्व आले. आणि रिद्धपूर तर गोविंदप्रभूंच्या लीळांनी असे भरून गेले आहे की, त्यातली एकही गल्ली कथेवाचून नसेल. वेड्यासारखे हिंडणारे, मुलांत खेळणारे, देवळातल्या मूर्तींशी बोलणारे, कोणाच्याही घरी शिरून हातात येईल ते खाणारे, आणि मातंगांनी पाण्यासाठी विनवणी केली तेव्हा विहिरीची जागा दाखवणारे असे ते सिद्धपुरुष होते; त्यांच्या चरित्रात राजवाडा नाही, रणांगण नाही, आहे ते एक सबंध गाव आणि त्यातली सर्व जातींची माणसे. अमेरिकन विदुषी अ‍ॅन फेल्डहाउस यांनी या चरित्राचे इंग्रजीत भाषांतर केले, त्यामुळे वऱ्हाडातील या गावाचे बोळ आता दूरदेशीच्या विद्यापीठांतही ठाऊक झाले आहेत.

हे सारे वाङ्मय आपल्यापर्यंत सुखासुखी पोचलेले नाही. यादवांचे राज्य खालसा होण्याच्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ प्रत नष्ट झाली, आणि ज्यांना ते मुखोद्गत होते त्यांच्या स्मरणावरून त्याची पुन्हा जुळणी करावी लागली. त्यांत हिराइसांच्या पाठाला विशेष मान आहे. पुढे ग्रंथांचे रक्षण व्हावे म्हणून ते सकळ, सुंदरी इत्यादी सांकेतिक लिप्यांत लिहिले जाऊ लागले. त्याने ते सुरक्षित राहिले, पण उर्वरित महाराष्ट्रापासून दूरही गेले. आणि जे वाचता येत नाही त्याविषयी जे जे गैरसमज पसरतात ते सर्व या पंथाच्या वाट्याला आले. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे आणि वि. ल. भावे यांनी या लिप्यांचे कोडे उलगडले, तेव्हा मराठी गद्याचा इतिहास एकदम कित्येक शतके मागे गेला. ह. ना. नेने यांनी लीळाचरित्र छापण्याचे काम हाती घेतले, आणि वि. भि. कोलते यांनी तर आपले सारे आयुष्य या वाङ्मयाच्या संशोधनाला वाहिले. स्थानपोथीचे संपादन त्यांनीच केले आणि १९७८ साली लीळाचरित्राची त्यांची बृहत् आवृत्ती प्रसिद्ध झाली. एका व्यक्तीने एवढे काम करावे, याबद्दल मराठी भाषिकांनी त्यांचे कायम ऋणी राहिले पाहिजे.

याच वाङ्मयाच्या बळावर हा भूगोल महाराष्ट्राच्या बाहेरही गेला. मध्ययुगाच्या उत्तरकाळात महानुभाव पंथ पंजाबात पोचला, आणि तेथून त्याचे मठ पेशावर-काबूलपर्यंत गेले. पंजाबात त्याला 'जयकृष्णी' म्हणतात. या लोकांची घरची बोली पंजाबी, परंतु धर्मग्रंथ मराठी. ज्या सूत्रांचे ते पारायण करतात ती तेराव्या शतकातल्या मराठीत आहेत. तेथील यात्रेकरू आजही रिद्धपूर, माहूर, फलटण अशी यात्रा करतात आणि स्थानाला लागलेल्या दगडाचा अंश जपून घरी नेतात. सतलजच्या पलीकडच्या एखाद्या घरात वऱ्हाडातल्या ओट्याचा तुकडा देव्हाऱ्यात असावा आणि त्याच्यापुढे म्हाइंभटांची मराठी वाचली जावी, याहून मोठा सन्मान कोणत्या भूमीला मिळाला असेल?

एकाच गावावर दोन ग्रंथांची छाया पडली म्हणजे काय होते, ते नेवाशास पाहावे. प्रवरेच्या काठचे हे जुने नगर महानुभावांच्या ग्रंथांत निधिवास म्हणून येते. परंतु १२९० साली, म्हणजे शके १२१२ मध्ये, ज्ञानेश्वरांनी तेथेच गीतेवरील आपली टीका सांगितली, सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली, आणि ग्रंथाच्या शेवटी ज्ञानदेवांनी गोदावरीचा दक्षिण तीर, पंचक्रोश क्षेत्र, मोहिनीराजाचे अधिष्ठान आणि रामचंद्र यादवाचे न्यायी राज्य यांचा उल्लेख करून त्या जागेचा पत्ता कायमचा नोंदवून ठेवला. ज्या खांबाला टेकून ज्ञानदेव बसत असे लोक मानतात, तो खांब वास्तविक करवीरेश्वराच्या देवळाचा. त्याच्यावरचा शिलालेख त्या देवाच्या अखंड दिव्याला तेल पुरवण्याविषयी आहे. देऊळ पडले, करवीरेश्वराला लोक विसरले, दिव्याची व्यवस्था करणाऱ्या दात्याचे कुळ कोठे गेले ते कोणास ठाऊक नाही; उभा राहिला तो खांब, आणि तोही ज्ञानेश्वरीमुळे. त्याला 'पैस' म्हणतात. दुर्गाबाई भागवतांनी त्यावर जे चिंतन केले त्याने आधुनिक मराठी वाचकाला तो खांब पुन्हा एकदा नव्याने दिला. १९५४ ते १९५६ या काळात पुरातत्त्वज्ञ डॉ. सांकलियांनी नेवाशास उत्खनन केले आणि तेथील मनुष्यवस्तीचा इतिहास अश्मयुगापर्यंत मागे नेला. मध्याश्मयुगाहून जुन्या अशा त्या हत्यारांच्या परंपरेला विद्वानांनी याच गावाचे नाव दिले. तरीसुद्धा नेवाशाचे नाव उच्चारताच मराठी माणसाच्या मनात उभा राहतो तो खांबच, आणि मला यात इतिहासाचा काही अवमान वाटत नाही. मनुष्य तेथे हजारो वर्षे राहिला. परंतु त्या जागेविषयी तो पहिल्यांदा बोलला तो तेव्हा.

गुरुचरित्राने औदुंबर, नृसिंहवाडी आणि गाणगापूर यांना जो अर्थ दिला तो सर्वांस ठाऊक आहे. त्याची पुनरुक्ती करीत नाही. मात्र त्याच ग्रंथाच्या नायकाचे जन्मस्थान कारंजे हे वऱ्हाडातील लाडाचे कारंजे होय, ही ओळख काळाच्या ओघात पुसट झाली होती आणि वासुदेवानंद सरस्वतींनी ती पुन्हा उजळली, हे येथे सांगण्यासारखे आहे. पोथीतली जागा हरवते आणि पोथीमुळेच पुन्हा सापडते. वारीविषयीही असेच म्हणता येईल. पंढरपूर हे एक क्षेत्र, पण तेथवर जाणाऱ्या वाटेने अर्धा महाराष्ट्र एका दोरीत ओवला, आणि इरावतीबाई कर्व्यांनी 'वाटचाल' या लेखात त्या वाटेवरूनच महाराष्ट्राची व्याख्या केली. राज्यांच्या सरहद्दी बदलल्या, निजामशाही आली, आदिलशाही आली, पेशवाई गेली, वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांकडे गेले. चालणाऱ्यांच्या वाटा त्या सरहद्दी ओलांडून जात राहिल्या. १९६० साली जेव्हा मुंबई, मराठवाडा, विदर्भ यांचे एक राज्य झाले, तेव्हा त्याच्या बाजूने पुष्कळ आर्थिक आणि भाषिक युक्तिवाद झाले. परंतु गोदावरीचे खोरे आणि वऱ्हाड हा एकच देश आहे, ही साक्ष स्थानपोथीने सहाशे वर्षांपूर्वीच पायी हिंडून नोंदवलेली होती.

अलीकडे महाराष्ट्र शासनाने मराठी भाषा विद्यापीठाची स्थापना मुंबईत नव्हे, पुण्यातही नव्हे, तर रिद्धपुरास केली, हे अत्यंत उचित झाले. एका खेड्याला विद्यापीठ मिळाले ते तेथे कारखाने किंवा लोहमार्ग आहेत म्हणून नव्हे. तेथे वाजेश्वरीला बसून एका माणसाने मराठीत लिहिले, म्हणून मिळाले.

आता या विद्यापीठाकडून आणि त्याहीपेक्षा गावोगावच्या शिक्षकांकडून एक काम व्हावे अशी माझी आग्रहाची विनंती आहे. स्थानपोथीत वर्णिलेली देवळे एकामागून एक जीर्णोद्धाराच्या नावाखाली बदलत आहेत. जुन्या पटिसाळा पाडून सिमेंटचे मंडप उभे राहतात, दगडी जगतीवर चकचकीत फरशी बसते, दारवठ्यावरच्या कोरीव कामावर रंगाचे थर चढतात. आणि ज्या खांबाच्या, ज्या कोनाच्या, ज्या दिशेच्या आधाराने मुनिव्यासांनी आपले वर्णन लिहिले, ते आधारच नाहीसे होतात. हे करणाऱ्यांच्या भक्तीविषयी मला शंका नाही, त्यांची श्रद्धा खरीच आहे. पण सातशे वर्षांची साक्ष एका पावसाळ्यात पुसली जाते, हेही खरेच आहे. ज्यांच्या गावाचे नाव या पोथीत आहे त्यांनी तिची प्रत मिळवावी, ती हातात घेऊन आपल्या देवळाभोवती फिरावे, काय शिल्लक आहे आणि काय गेले याची मापे घ्यावीत, नकाशा काढावा, छायाचित्रे घ्यावीत, वृद्धांना विचारावे, आणि त्यांच्या सांगण्यात भेद आढळला तर म्हाइंभटांप्रमाणे दोन्ही मते नावानिशी लिहून ठेवावीत. पुढच्या जीर्णोद्धाराची वर्गणी गोळा होण्यापूर्वी हे झाले पाहिजे.